उसातला कोल्हा आणि दारचं कुत्रं



उसाची तोड शेवटच्या चार-सहा सऱ्यांवर आली की फडात काय होते, हे आपणांस सांगायला नको. कोऱ्हाळे बुद्रुकचे शिवार असो, वडगाव निंबाळकरचे असो की पार इंदापूरकडचे असो, चित्र एकच. दिवसभर कोयत्याच्या आवाजाने मागे मागे सरकलेली जनावरे त्या राहिलेल्या पट्ट्यात गोळा होतात. मग एकदम पाचट सळसळते, 'आला रे आला' असा गलका होतो आणि एखादे रानमांजर, मुंगूस नाहीतर कोल्ह्याची जोडी बांध ओलांडून शेजारच्या उसात नाहीशी होते. पोरे हसतात, टोळी पुन्हा कामाला लागते.

कोल्हा पळाला म्हणजे तो ठीक आहे, असे समजा. काळजी करायची ती न पळणाऱ्या कोल्ह्याची. भर दुपारी वस्तीवर येणारा, माणसाला न बिचकणारा, तोंडातून लाळ गाळणारा, झोकांड्या खाणारा, बांधलेल्या गुरांवर किंवा थेट माणसावर धावून येणारा कोल्हा हा बहुधा पिसाळलेला असतो. पिसाळणे म्हणजे रेबीज. जुन्या वैद्यकात याला अलर्क म्हणत. नाव कोणतेही घ्या, एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस असो वा बैल, त्यातून वाचत नाही. पण लक्षणे दिसण्याआधी वेळेवर लस घेतली तर हा रोग होतच नाही. म्हणून हा विषय भीतीचा नाही, वेळेवर जागे होण्याचा आहे.

आणि ही गोष्ट दूरच्या जंगलातली नव्हे. मुंबईत ट्रॉम्बे-चेंबूरच्या बाजूला खाडीकाठी कोल्हे राहतात. २०२४ साली तिथल्या मेलेल्या कोल्ह्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांत रेबीज सापडला. मुंबईसारख्या शहराच्या काठाला जे घडते, ते आपल्या उसात घडणार नाही असे कोणी म्हणावे?

एका सभासदाचा प्रश्न

मागे काट्यावर गाड्यांची रांग लागली असताना ही चर्चा निघाली. तेव्हा एक सभासद म्हणाले, "अहो, आमच्या पोल्ट्रीत कोंबड्यांना पाण्यातून लस देतो. पोरांना पोलिओचे थेंब तोंडातच पाजले. मग या कोल्ह्या-लांडग्यांना एखाद्या घासातून लस का देत नाहीत? त्यांना धरून सुई कोण टोचणार?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आणि नवल म्हणजे हे काम जगात १९७८ सालीच सुरू झाले आहे. ते कसे झाले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हे या लेखात पाहू.

कोंबडीच्या मुंडक्यातली लस

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास युरोपच्या पूर्व भागातून रेबीजची एक साथ पश्चिमेकडे सरकू लागली. तिचे मूळ कुत्र्यात नव्हते. तिकडचे तांबडे खोकड, म्हणजे आपल्या माळावरच्या खोकडाचा थोरला भाऊ म्हणा, ते ही साथ पुढे नेत होते. दरसाल वीस-तीस मैल करीत ती साथ १९६७ साली स्वित्झर्लंडमध्ये पोहोचली.

लोकांनी पहिला उपाय केला तो आपणही केला असता. खोकड मारले. बंदुकीने मारले, बिळांत विषारी वायू सोडून मारले, विष घातलेले मांस टाकून मारले. साथ काही थांबेना. कारण साधे आहे. एका खोकडाची हद्द रिकामी झाली की शेजारची तरणी खोकडे तिथे घुसतात, हद्दीसाठी भांडतात, एकमेकांना चावतात. रोग उलट जास्त फिरतो. विहिरीत उपसा चालू आहे आणि पाझरही तितकाच चालू आहे, असा तो प्रकार.

तेव्हा अमेरिकेत जॉर्ज बेअर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की खोकडाला तोंडावाटे लस देता येते. ही लस पोटात जाऊन काम करीत नाही. पोटात गेली तर ती जिरून वाया जाते. तोंडाच्या आतली ओली त्वचा आणि घशातल्या गाठी यांना ती लागली पाहिजे. म्हणून घास असा हवा, की जनावराने तो अखंड गिळू नये, चावावा, आणि चावताना आतली पुडी फुटून लस तोंडभर पसरावी.

स्वित्झर्लंडमधल्या फ्रान्झ स्टेक यांच्या मंडळींनी यासाठी शोधलेली वस्तू ऐकून आपणांस हसू येईल. कोंबडीचे मुंडके! स्वस्त, भरपूर मिळणारे आणि खोकडाच्या आवडीचे. कातडीखाली लसीची छोटी पुडी सारली की झाला घास तयार. १७ ऑक्टोबर १९७८ रोजी ऱ्होन नदीच्या खोऱ्यात अशी सुमारे चार हजार मुंडकी टाकली गेली. साथ खोऱ्याच्या तोंडाशी आली होती. त्यांनी त्या तोंडाशीच लस घेतलेल्या खोकडांचा जणू बांध घातला. साथ त्या बांधाला येऊन अडली, वरच्या खोऱ्यात शिरली नाही.

पुढे मुंडक्यांच्या जागी मासळीची भुकटी आणि चरबी यांच्या कारखान्यात बनवलेल्या वड्या आल्या. त्या विमानातून, हेलिकॉप्टरमधून टाकू लागले. वडीत टेट्रासायक्लिन हे औषधही घालत. ते खाल्लेल्या जनावराच्या दातांत आणि हाडांत त्याची खूण राहते, म्हणजे पुढे मेलेला खोकड तपासून त्याने वडी खाल्ली होती की नाही ते कळते. हिशेब असा चोख ठेवला. स्वित्झर्लंड १९९९ साली, फ्रान्स २००१ साली आणि जर्मनी २००८ साली या रोगातून मोकळे झाले. ज्या घासात पूर्वी विष घालीत, त्याच घासात लस घातली आणि काम झाले.

मग आपल्या उसात हे का नको?

'नको' असे नाही. पण नुसते घास आणून बांधाबांधावर टाकले म्हणजे रेबीज जाईल, हा भ्रम नको. त्याची कारणे शेतकऱ्याला चटकन पटण्यासारखी आहेत.

पहिले कारण ऊन. ही लस बहुधा जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. युरोपात ती वसंतात आणि शरदात, थंड हवेत टाकतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बांधावर टाकलेली लस दिवसभरात तापून निकामी होण्याचा धोका मोठा.

दुसरे कारण वाटेकरी. आपल्या शिवारात टाकलेला घास कोल्ह्याआधी कोण उचलेल? गावातली कुत्री, डुकरे, मुंगूस, घूस, कावळे. शिवाय फडात टोळीची लहान पोरे हिंडतात. त्यांच्या हाती लसीची पुडी लागू नये, हेही पाहावे लागेल.

तिसरे कारण सर्वांत मोठे. युरोपात रोगाचे मूळ खोकडात होते, म्हणून खोकडाला लस दिल्यावर रोग मुळासकट गेला. आपल्याकडे मूळ कुत्र्यात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मंडळींनी २०२२-२३ मध्ये देशात घरोघर जाऊन पाहणी केली. तिच्या अंदाजाने देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने दगावतात. चावणाऱ्या प्राण्यांत चारांतले तीन कुत्रेच. कोल्हा, लांडगा, मुंगूस यांनाही रोग होतो, पण आपल्या भागात तो त्यांच्याकडे बहुधा कुत्र्याकडून जातो. फांदीला औषध मारून मुळाची कीड जात नाही. हुमणी लागल्यावर आपण पानावर फवारतो काय?

लांडग्याला वाचवायचे तर धनगराच्या कुत्र्याला टोचा

याचा चांगला दाखला आफ्रिकेत आहे. इथिओपियाच्या बाले डोंगरात एक जातीचा लांडगा राहतो. साऱ्या जगात मिळून तो पाचशेच्या आसपास उरला आहे. त्या डोंगरात मेंढपाळ गुरे-मेंढरे चारतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची कुत्री असतात. १९९० नंतर तिथे रेबीजच्या साथी पुन्हा पुन्हा आल्या आणि दर वेळी लांडग्यांचे कळपच्या कळप मेले. रोग आणला तो मेंढपाळांच्या कुत्र्यांनी. म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे कुत्र्यांना लस टोचली. त्याच्या जोडीला २०१८ च्या ऑगस्टपासून लांडग्यांना बोकडाच्या मांसाच्या घासातून लस द्यायला सुरुवात केली. आधी कुत्रा आणि मग लांडगा, असा क्रम त्यांनी लावला.

आता आपले पाहा. नीरा डाव्या कालव्याच्या खाली ऊस आणि वर जिराईत माळ. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य घ्या, इंदापूर तालुक्यातले कडबनवाडीचे गवताळ रान घ्या, या माळांवर लांडगा आणि खोकड आजही आहेत. तिथेच धनगरांचे वाडे उतरतात, तिथेच आपली वस्तीवरची कुत्री रात्री जातात. मेलेल्या ढोरावर कुत्राही येतो, लांडगाही येतो. खाली उसात कोल्हा आणि कुत्रा एकाच उकिरड्यावर भेटतात. दोघांत झुंज झाली की लाळ रक्तात गेलीच.

इस्रायल देशात कोल्हे अगदी आपल्यासारखेच शेतीच्या आधाराने राहतात. तिथे १९९८ पासून घासातून लस देत आले आहेत. रोग पुष्कळ हटला. तरीही २०१७-१८ च्या सुमारास उत्तरेकडच्या भागात कोल्ह्यांतच पुन्हा साथ उसळली. म्हणजे हे काम एकदा करून हात झटकण्याचे नाही.

गोव्यात काय केले

आपल्या शेजारच्या गोव्याचा अनुभव जवळचा आणि आशेचा आहे. तिथे 'मिशन रेबीज' ही संस्था आणि गोवा सरकार यांनी २०१४ पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचण्याचे काम हाती घेतले. पुढे वर्षाला ९५ हजारांच्या आसपास कुत्र्यांना लस दिली गेली. २०२१ साली गोवा हे देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. त्याआधीच्या तीन वर्षांत तिथे माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नव्हता.

त्यांची खरी अडचण होती हाती न लागणाऱ्या कुत्र्यांची. दारचे कुत्रे मालक धरतो, पण गल्लीतले, माळावरचे कोण धरणार? मोटार, जाळी आणि सात माणसे एवढा लवाजमा लागे. म्हणून त्यांनी एक प्रयोग केला. स्कूटरवर दोघे जण जात आणि जे कुत्रे धरता येत नाही त्याच्यापुढे घास टाकत. लस न भरलेला, नुसता रिकाम्या पुडीचा घास, कारण पाहायचे होते ते कुत्रे तो खाते की नाही एवढेच. २०१९ साली या प्रयोगाचा हिशेब प्रसिद्ध झाला. जाळीवाल्या टोळीत माणशी दिवसाला ९ कुत्री होत. घासवाल्या जोडीत माणशी ३५! दिसलेल्या शंभर कुत्र्यांपैकी जाळीने ६३ साधली, घासाने ८०.

यातून आपल्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. घासाची लस आपल्या भागात कधी आली, तर तिचा पहिला उपयोग उसातल्या कोल्ह्यासाठी नसेल. हाती न लागणाऱ्या कुत्र्यांसाठी असेल. आणि ती आज आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यात मिळत नाही. आज मिळते ती सुईची लस. ती टोचायला आपण कोणाची वाट पाहतो आहोत?

घशात कांडे अडकले, असे समजू नका

आता गोठ्यातली एक गोष्ट. गाय-बैल पिसाळले की ते चावत सुटतात, असा आपला समज असतो. पुष्कळदा तसे नसते. जनावर चारा-पाणी सोडते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, आवाज घोगरा होतो, सारखे हंबरते, कुंथते, मागच्या पायांत लटपटते. मालकाला वाटते, वाढे खाताना घशात उसाचे कांडे अडकले. तो बाही वर करून कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. हाताला एखादी चीर असली की संपले.

तेव्हा कृपा करून लक्षात ठेवा. लाळ गाळणाऱ्या, आवाज बदललेल्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही. त्याला वेगळे बांधा, पोरांना दूर ठेवा, पशुवैद्याला बोलवा. कुत्रे किंवा कोल्हा चावल्याचे आधीच दिसले असेल तर जखम साबणाच्या पाण्याने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला गाठा. चावल्यानंतर जनावरालाही लसीची मालिका देता येते, पण लक्षणे दिसल्यावर नाही. दूध नेहमी उकळूनच वापरा.

माणसाला चावले तर

सर्वांत आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. मोटारीचे पाणी चालू असेल तर तिथेच, पाटाला पाणी असेल तर कळशीने ओतून. मिरची, चुना, हळद, जळके तेल काही लावायचे नाही. सात विहिरींत डोकावण्याचा तोडगा कुणी सांगितला तर त्याला हात जोडा आणि दवाखान्याची वाट धरा. रानातल्या जनावराचा चावा ओरखड्याएवढा असला तरी तो मोठा चावा धरतात आणि लसीबरोबर जखमेत वेगळे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देतात. त्याची आठवण डॉक्टरांना जरूर करून द्या.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात म्हणून पुष्कळ म्हातारी माणसे अजून घाबरतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. ती आपल्या देशात २००४-०५ पासून बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडावर, कातडीत, अगदी थोडी लस देतात. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा चार खेपा. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

इथे ऊसतोडीच्या टोळ्यांचा विचार आपण करायलाच हवा. कोपीत उघड्यावर झोपतात ती माणसे, फडात पहिला पाय पडतो तो त्यांचा, आणि दिवसाचा खाडा परवडत नाही तोही त्यांनाच. पोराला कुत्रे चावले तर आई फडक्याने बांधते आणि मोळ्या बांधायला जाते. पहिली सुई कशीबशी घेतली तरी तिसऱ्या सुईपर्यंत टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते. कागद कोपीतच हरवतो. असे होऊ नये म्हणून मुकादमाने तारखा लिहून ठेवाव्यात आणि कार्ड जपावे. राहिलेल्या खेपा दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यातही घेता येतात. ज्याच्या उसाची तोड चालू आहे त्या सभासदाने आपली मोटारसायकल काढून त्या पोराला दवाखान्यात पोचवले, तर त्यात आपला एक तास जाईल. त्यापेक्षा अधिक काही जाणार नाही.

हंगामाआधी एवढे करू या

एक. गळीत सुरू होण्याआधी प्रत्येक वस्तीने आपल्या कुत्र्यांची यादी करावी. पाळलेली किती, भाकरतुकड्यावर राहणारी किती. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाला पुढे जायला वाट मिळत नाही, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणजे दोनशे कुत्र्यांच्या गावात एकशे चाळीस. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एक दिवस ठरवला आणि दहा तरणी पोरे दोऱ्या घेऊन उभी राहिली तर हे काम अवघड नाही. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, आपल्या हंगामाच्या तोंडावरच येतो. तोच दिवस धरावा.

दोन. टोळ्यांबरोबर आणि धनगरांच्या वाड्यांबरोबर येणाऱ्या कुत्र्यांना वगळू नये. ती गावोगाव फिरतात, म्हणून ती आधी टोचावीत.

तीन. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी आणि मेलेली वासरे ओढ्यात, कालव्याच्या कडेला टाकू नयेत. खड्डा घेऊन चुना टाकून पुरावीत. कुत्रा आणि कोल्हा एका पंगतीला बसतात ते तिथेच.

चार. कोल्ह्या-कुत्र्यांना विष घालू नये, बांधाला वीज सोडू नये. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मारून साथ थांबत नाही हे युरोपने पुरेसे पाहिले. कोल्हा उसातले उंदीर खातो, तो आपल्या कामाचा प्राणी आहे. संशयित जनावर दिसले तर वन खात्याला कळवावे, काठी घेऊन जवळ जाऊ नये.

कोल्ह्याच्या तोंडात लसीचा घास घालायला आपल्याकडे आज हेलिकॉप्टर नाही. पण कोल्ह्याला रोग देणारे कुत्रे आपल्याच ओसरीवर, आपल्याच भाकरीवर वाढते आहे. त्याला धरणे आपल्या हातात आहे. ऊस नोंदीची पावती आपण जपून ठेवतो, लागणीची तारीख तोंडपाठ असते. तिच्याच शेजारी यंदा आणखी एक तारीख लिहा: आपल्या कुत्र्याला लस कधी टोचली. आणि पुढच्या वर्षी ती तारीख चुकवू नका.